मथळा असा द्या की बातमीची गरजच उरू नये

मथळ्यात बातमी असते, ही जुनी समजूत आधी डोक्यातून काढून टाका. “दहावीचा निकाल उद्या दुपारी 1 वाजता” असा मथळा दिलात तर लोक तो वाचतील, घरच्यांना सांगतील आणि आपापल्या कामाला लागतील. तुमच्या पदरात काय पडलं? मथळ्याचं काम लपवण्याचं आहे. सांगायला शेजारीपाजारी आहेतच.

लपवण्यासाठी मराठीत एक अस्सल सोय आहे: अवतरणचिन्हातलं ‘या’. ‘या’ जिल्ह्यात गारपीट, ‘या’ अभिनेत्रीचा संताप, ‘या’ 4 राशींचं नशीब फळफळणार. नाव म्हणून घ्यायचं नाही. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव न घेता ‘हे आले’, ‘हे जेवले’ म्हणत पन्नास-पन्नास वर्षं संसार करायच्या, तोच वारसा. फरक इतकाच की आजीचे ‘हे’ कोण, ते अख्ख्या वाड्याला ठाऊक असायचं.

लोकमान्य टिळक इथे थोडक्यात चुकले. 1908 साली ‘केसरी’त त्यांनी “हे उपाय टिकाऊ नाहीत” असा अग्रलेख लिहिला. सुरुवात ‘हे’ने, म्हणजे दिशा बरोबर होती. पण अवतरणचिन्हं नाहीत, आकडा नाही, उद्गारचिन्ह नाही. व्हायचं तेच झालं. लोकांनी अग्रलेख खरोखरच वाचला, सरकारनेही वाचला, राजद्रोहाचा खटला भरला आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावं लागलं. आजच्या कुठल्याही शिकाऊ पोराने तोच मथळा “‘हे’ 5 उपाय टिकाऊ नाहीत, तिसरा तर तुम्ही रोज करता!” असा केला असता. केसगळतीवरचा लेख समजून सरकारने पुढे सरकवला असता.

प्रश्नचिन्हाची ताकद मात्र टिळकांनी ओळखली होती. 1897 मध्ये त्यांनी विचारलं, “सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?” पुढे 2009 मध्ये इयन बेटरिज या ब्रिटिश पत्रकाराने नियम सांगितला की, प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या कुठल्याही मथळ्याचं उत्तर ‘नाही’ असं देता येतं. टिळकांनी तो 112 वर्षं आधीच पाळून दाखवला होता. तुम्हाला मात्र हे चिन्ह वेगळ्या कामासाठी हवंय. “हे लाडकं जोडपं विभक्त होणार?” असं ठोकून द्या. उद्या त्यांचा वकील आलाच, तर होणार असं आपण कुठे म्हटलंय? काळजीपोटी विचारलं फक्त.

काळजीवरून आठवलं, मरणाचा वास असलेला मथळा फार चालतो. “लोकप्रिय अभिनेत्री घेणार निरोप; चाहते हळहळले.” दुपारी आडव्या झालेल्या काकू दचकून उठून बसतात. ती बाई ठणठणीत असते, मालिकेतली तिची भूमिका तेवढी संपलेली असते. काकूंना हायसं वाटतं, तुम्हाला क्लिक मिळतो, कुणाचंही काही गेलेलं नसतं.

पावसाळ्यात तर अक्कल चालवायचीही गरज नाही. “पुढचे 48 तास धोक्याचे!” कुठे, ते लिहू नका, कुठल्या तारखेपासून, तेही लिहू नका. सिंधुदुर्गातल्या इशाऱ्यावर चंद्रपूरचा माणूस छत्री घेऊन बाहेर पडला पाहिजे, आणि हाच मथळा पुढच्या जुलैतही न धुता वापरता आला पाहिजे. अपवर्दी नावाच्या अमेरिकी संकेतस्थळावर एकेका मजकुरासाठी 25 मथळे लिहून पाहण्याचा दंडक होता म्हणे. गरीब बिचारे. आपल्याकडे एकच मथळा 25 मजकुरांना पुरतो.

आता मथळ्याखालचा मजकूर. हो, तो थोडाफार लागतोच. फेसबुकने 2014 मध्ये जाहीर केलं होतं की, दुव्यावर गेलेला वाचक लगेच माघारी येत असेल तर त्याला हवं ते मिळालं नाही, असं आम्ही समजू. यातून सज्जन लोकांनी घ्यायचा तो बोध घेतला असेल. आपण एवढाच घ्यायचा की, वाचकाला लगेच माघारी येऊ द्यायचं नाही.

पुन्हा निकालच घेऊ, कारण मे महिन्यात त्याच्यासारखं दुभतं जनावर नाही. मथळा: “दहावीचा निकाल ‘या’ तारखेला! मोठी अपडेट समोर.” पहिल्या परिच्छेदात दहावी हा विद्यार्थ्याच्या आयुष्यातला महत्त्वाचा टप्पा असतो, हे सांगा. दुसऱ्यात, विद्यार्थी आणि पालक निकालाची आतुरतेने वाट पाहत आहेत, हे. वाचणारा स्वतःच पालक असतो, त्यामुळे हे त्याला लगेच पटतं. मग गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. ती बंद करायची फुली एवढी बारीक ठेवा की बोट तेलावरच पडावं. तिसऱ्या परिच्छेदात राज्य मंडळाचे नऊही विभाग पुण्यापासून कोकणापर्यंत एकेक करून लिहा. चौथ्यात निकाल पाहताना बैठक क्रमांक आणि आईचं नाव कसं टाकायचं, ते सविस्तर. आईचं नाव काय ते मुलाला माहीत असतं, पण तरी सविस्तर. मध्ये “हेही वाचा” म्हणून त्या निरोप घेणाऱ्या अभिनेत्रीला पुन्हा एकदा आणा. आणि अगदी तळाशी, अंगठा दुखायला लागला की, एक ओळ: “मंडळाने निकालाची तारीख अद्याप अधिकृतपणे जाहीर केलेली नाही.”

बघा, एक अक्षर खोटं लिहिलं नाहीत. शिवाय मुलाच्या निकालाच्या धसक्याने हा बाप संध्याकाळपर्यंत आणखी चारदा येऊन जाणार.

फोटोवर लाल वर्तुळ आणि बाण काढायला विसरू नका. वर्तुळाच्या आत काही नसलं तरी चालतं.

धंद्याला धोका एकाच माणसाचा. हा साधारण पेन्शनर असतो, सगळा मजकूर शेवटपर्यंत वाचतो आणि खाली निर्विकारपणे लिहितो, “तारीख जाहीर झालेली नाही. बाकीच्यांनी वेळ घालवू नये.” त्याला शेकडो अंगठे मिळतात. त्याच्याशी वाद घालू नका, ताबडतोब ब्लॉक करा. आणि ब्लॉक केल्यावर नुसते बसू नका: “‘या’ आजोबांनी सगळ्यांसमोर असं काही लिहिलं की... पाहा पुढे काय घडलं!”