प्रतिक्रियेला उत्तर: नातीचं नाव 'लोपामुद्रा' ठेवावं का?

आजोबा, नमस्कार.

'लोपामुद्रा' या अगस्ती ऋषींच्या पत्नीच्या नावावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देते. तुमची नात भरणी नक्षत्राच्या चौथ्या चरणावर जन्मली, पंचांगाप्रमाणे अक्षर आलं 'लो', सूनबाईंनी माझा लेख वाचून हेच नाव मनात धरलं आणि तुम्हाला ते पसंत नाही. लोप म्हणजे नाहीसं होणं, म्हणून नाव अशुभ. शिवाय ते बंगाली, आपल्यात कुणी ठेवत नाही. आणि ऋग्वेदातल्या ज्या सूक्तात ते येतं, ते सूक्त तान्ह्या मुलीच्या नावाशी जोडावं असं नाही. 'केवळ दुर्मिळ म्हणून नाव सुचवणं हा बेजबाबदारपणा आहे,' असंही तुम्ही लिहिलंत. ते मला लागलं, कारण दुर्मिळपणा हे हे नाव सुचवण्यामागचं माझं कारण नव्हतंच.

आधी शुभ-अशुभाचं बघू. नावाची फोड करून त्यातला एक तुकडा धरला, तर आपल्या घरातली कितीतरी नावं अडचणीत येतील. अपर्णा म्हणजे 'पान नसलेली'. पार्वतीनं तपात गळालेली पानं खाणंसुद्धा सोडलं, ही गोष्ट नावामागे आहे म्हणून ते नाव आपण कौतुकानं ठेवतो. लोपामुद्रेचंही तसंच आहे. महाभारताच्या वनपर्वात लोमश ऋषी युधिष्ठिराला सांगतात, की अगस्तींनी निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव घेऊन ही मुलगी घडवली. तिच्यापुढे इतरांच्या रूपाची मिजास उरली नाही, असा या नावाचा अर्थ परंपरेनं लावला आहे. लोप झाला तो दुसऱ्यांच्या गर्वाचा. ललितासहस्रनामात देवीचं एक नाव 'लोपामुद्रार्चिता' आहे, लोपामुद्रेनं जिची पूजा केली ती. श्रीविद्येच्या, म्हणजे ललितादेवीच्या मंत्र-उपासनेत हादी विद्या, म्हणजे 'ह'पासून सुरू होणारा मंत्र, लोपामुद्रेच्याच नावाची मानतात. नवरात्रात ज्या घरांत सहस्रनाम म्हटलं जातं, त्या घरांत हे नाव देवीसमोर दरवर्षी उच्चारलं जातं. तिथे ते कुणालाच अशुभ वाटत नाही.

खरं अशुभ नाव कसलं असतं, ते महाराष्ट्रानं पाहिलंय. मुलगाच हवा होता म्हणून जन्मलेल्या मुलीला 'नकुशा' म्हणायचं आणि शाळेच्या दाखल्यावरही तेच लिहायचं. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून जास्त मुलींना समारंभानं नवी नावं दिली गेली. नावातला अपशकुन शोधायचाच असेल तर तो इथे आहे.

आता 'बंगाली'. हे नाव बंगालमध्ये आणि ओडिशात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतं, यात वाद नाही. लोपामुद्रा मित्र या गायिकेमुळे तिकडे ते घरोघरी पोचलेलंही आहे. पण एखादं नाव दुसऱ्यांनी जपलं म्हणून ते आपलं राहत नाही का? वनपर्वातल्याच कथेत ही मुलगी वाढते विदर्भाच्या राजाच्या घरी. ऋग्वेदात तिच्या माहेराचा उल्लेख नाही, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. विदर्भ येतो तो महाभारतात, आणि मूळ लेखात मी तसंच म्हटलं होतं. पण महाभारतातलं माहेर आपण इतर वेळी किती प्रेमानं जपतो ते बघा. रुक्मिणीचं माहेर म्हणून अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपूरहून आजही पालखी पंढरपूरला जाते. दमयंती विदर्भाची, 'रघुवंशा'तली अजराजाची राणी इंदुमतीही विदर्भाची. या तिघींची नावं मराठी घरांत रुळली. चौथी तेवढी मागे राहिली.

संस्कृत नाटकातही ती आपल्या मुलखात भेटते. भवभूती स्वतःचं गाव विदर्भातलं पद्मपूर असं सांगतो. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात राम सीतेविना पुन्हा पंचवटीत यायचा असतो. तिथल्या जुन्या आठवणींनी त्याचं काय होईल, या काळजीनं लोपामुद्रा मुरला नदीला गोदावरीकडे निरोप घेऊन पाठवते: त्याला सांभाळ. आज नागपूरचीच लोपामुद्रा राऊत हे नाव घेऊन सौंदर्यस्पर्धांमध्ये आणि टीव्हीवर दिसली, तेव्हा मला तर नाव माहेरी आल्यासारखंच वाटलं.

तुमचा तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण हे नाव मी सुचवलं ते त्या सूक्तामुळेच. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं 179 वं सूक्त, ऋचा सहाच. परंपरेनं त्यातल्या पहिल्या दोन लोपामुद्रेच्या, पुढच्या दोन अगस्तींच्या आणि शेवटच्या दोन शिष्याच्या मानल्या आहेत. सुरुवात ती करते: 'पूर्वीरहं शरदः शश्रमाणा'. कितीतरी शरद ऋतू मी रात्रंदिवस कष्टत आले, म्हातारपण शरीराची शोभा उणी करत नेतं, आता तरी पतीनं पत्नीजवळ यावं. दुसऱ्या ऋचेत ती पूर्वजांचा दाखला देते. देवांशी सत्य बोलणारे जे जुने लोक होते, त्यांनीही संसार केला, त्यांनाही त्या तपाचा शेवट गाठता आला नाही. अगस्ती तिला झिडकारत नाहीत. श्रम वाया जात नाहीत, आपण दोघं मिळून जिंकू, असं उत्तर देतात. आणि शेवटच्या ऋचेत कुदळीनं खणणारे, संततीची आणि बळाची इच्छा धरणारे अगस्ती दोन्ही अंगांनी समृद्ध झाल्याचं सांगितलंय.

यात लाजायचं काय आहे? तपाला बसलेल्या नवऱ्याला एक बायको सांगते, की आयुष्य सरतंय आणि माझाही त्यावर हक्क आहे. हे ती रडून सांगत नाही, पूर्वजांचा दाखला देऊन सांगते. आणि तिचे हे शब्द आपल्या सर्वांत जुन्या ग्रंथात, तिच्या नावावर, पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून राखले गेले. मुलीच्या नावामागे याहून मोठी गोष्ट मला तरी सापडत नाही.

महाभारतातही ती अशीच आहे. अगस्ती मागणी घालतात तेव्हा राजा-राणी हवालदिल होतात, देववत नाही आणि नाही म्हणायची भीती. त्या वेळी मुलगीच बापाला म्हणते, माझ्यासाठी दुःख करू नका, मला अगस्तींना द्या आणि स्वतःला वाचवा. लग्नानंतर ती भरजरी वस्त्रं उतरवून वल्कलं नेसते, पण सगळं मुकाट्यानं सोसत नाही. संसाराची वेळ येते तेव्हा स्पष्ट सांगते, माझ्या बापाच्या वाड्यात होती तशी शय्या हवी, दागिने हवेत, तुमच्या धर्माला बाध न येता ते आणा. त्या धनासाठीच अगस्ती हिंडतात आणि इल्वल-वातापी या असुर भावांची कथा घडते. ती कथा आपल्याला पाठ असते, ती सुरू कुणामुळे झाली ते आठवत नाही. हजार मुलगे हवेत की हजारांना भारी पडेल असा एक, असं विचारल्यावर ती एकच मागते.

मग आपल्याकडे हे नाव मागे का पडलं? मला वाटतं, आपल्याकडे पुराणातली नावं आली ती कीर्तनातून, ओव्यांतून, देवळांतून. रुक्मिणीला विठ्ठल होता. लोपामुद्रा कथेत आली ती 'अगस्तींची पत्नी' म्हणून, दोन वाक्यांपुरती. अगस्तींचं तसं झालं नाही. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या अकोले इथे प्रवरेकाठी त्यांचं देऊळ आहे, तिथल्या साखर कारखान्यालाही त्यांचंच नाव आहे. नाव मागे पडायला अर्थ कारण झाला नाही, सांगणारं कुणी उरलं नाही.

नाव जड आहे, शाळेत चिडवतील, असंही तुम्ही लिहिलंत. अक्षरं चारच आहेत, भागीरथी किंवा अन्नपूर्णेइतकीच. चिडवणारी मुलं सोप्या नावांनाही सोडत नाहीत. 'लो'वरून लोचना, लोपा यांच्यापुढे यादी फारशी जातही नाही, हे तुम्ही शोधून पाहिलंच असेल.

एवढं वाचूनही मन घेत नसेल, तर लोपामुद्रा हे जन्मनाव म्हणून पत्रिकेत राहू द्या आणि व्यवहारात दुसरं ठेवा. कितीतरी घरांत असंच चालतं आणि त्यात कुणाचाच अवमान नाही. मात्र निर्णय करण्याआधी त्या सहा ऋचा आणि वनपर्वातली कथा सूनबाईंबरोबर बसून एकदा वाचा. आणि घरात हाक काय मारायची, हा तुमचा शेवटचा प्रश्न: 'लोपा' तुम्हाला खटकत असेल तर 'मुद्रा' म्हणा.