कोजागिरी, कॅमेरा आणि आत्ये

कोजागिरी तोंडावर आली की मुंबईतल्या चुलत भावंडांचे फोन सुरू होतात. "तुमचं काय बाबा, दाराशी समुद्र! समुद्रातून वर येणारा चंद्र टिपून पाठव ना एकदा." ह्यांच्या पिढ्यान् पिढ्या मालवणात गेल्या, पण आपला समुद्र पश्चिमेला आहे हे कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. समुद्रातून उगवणारा चंद्र हवा असेल तर पुरीला जा, चेन्नईला जा. आमच्याकडे तो सह्याद्रीच्या अंगाने येतो, आणि तोही सरळ नाही. आधी सड्यावरचा मोबाईल टॉवर, मग विजेच्या तारा, मग शेजाऱ्यांचे माड. माडांतून सुटेपर्यंत त्याचा तांबूसपणा गेलेला असतो आणि माझा उत्साहही.

घरात आत्ये ही या विषयातली सर्वांत कडक परीक्षक. टॉवरमागून गोळा डोकावला की ओट्यावरून हाक येते, "रे, धाव! केवढो मोठो दिसता बघ!" मी धावतो, काढतो, दाखवतो. "ह्यो साबुदाणो कसलो?"

क्षितिजाजवळचा चंद्र मोठा नसतोच, तो नुसता मेंदूचा खेळ. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या नखाआड उगवतीचाही जातो आणि डोक्यावरचाही. आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश, बस्स. ३०० मिलिमीटरची लेन्स लावली तरी कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर तो पावणेतीन मिलिमीटरचा पडतो. फोनच्या साध्या लेन्सने काढलेल्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत तर रुंदीला जेमतेम तीसेक पिक्सेल त्याच्या वाट्याला येतात. हे सगळं मी आत्येला समजावलं. तिने एक डोळा मिटून करंगळी धरली, बघितलं आणि निकाल दिला, "माझी करंगळीच जाडी असा."

त्यात उजेडाची भानगड वेगळीच. आपल्याला वाटतं रात्र आहे, कॅमेऱ्यालाही तसंच वाटतं. तो काळं आकाश उजळायला जातो आणि चंद्राला पांढराफटक करून ठेवतो. पण चंद्रावर तर लख्ख ऊन पडलेलं असतं! रात्र आपल्याकडे, त्याच्याकडे नाही. म्हणून फोटोवाल्यांचा जुना ठोकताळा असा, की ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ११ ठेवायचं आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची जाण, १०० असेल तर शटर १/१०० सेकंद उघडायचं; आयएसओ २०० तर १/२००. फोनवाल्यांनी स्क्रीनवरच्या चंद्रावर बोट दाबून धरावं आणि उजेड खाली ओढावा. एवढं केलं की ससा दिसायला लागतो. मात्र ससा दिसला की माड, घर आणि आत्ये काळेठिक्कर पडतात, आणि आत्येला फोटोत दिसायचं असतं.

खुद्द कोजागिरीच्या रात्री तर कॅमेरा कपाटातून काढूच नये, असं माझं ठाम मत आहे. मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर. ट्रायपॉडची मान तेवढी वळत नाही, माझीही नाही. किनाऱ्यावर जावं तर पौर्णिमेचं उधाण. तिथीची पाऊणपट हा भरतीच्या वेळेचा हिशेब, पंधराव्या तिथीला सव्वाअकरा, त्यामुळे इकडे मसाला दूध उकळायला आणि तिकडे समुद्र वर यायला एकच गाठ पडते. ओल्या वाळूत ट्रायपॉडचे पाय एकेक करून रुततात. लॉक फिरवलं की आत गेलेले वाळूचे कण असे करकरतात की दात शिवशिवतात. काच पुसून फडकं खिशात घालेपर्यंत तिच्यावर पुन्हा खारा, चिकट पडदा. अशात कुणीतरी पेला पुढे करतं, "दुधातल्या चंद्राचा काढ की." डोक्यावरचा चंद्र दुधात बघायला पेल्यावर वाकावं लागतं, आणि वाकलं की आपलंच डोकं आड येतं. त्या फोटोत चारोळ्या सुरेख आल्या आहेत.

माझं ऐकाल तर शुद्ध अष्टमीचा चंद्र काढा. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नाहीत, सगळं सपाट. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर ते तिरकं येतं आणि विवरांच्या कडा उठून दिसतात. संध्याकाळी अंगणातूनच जमतं, जागरण नाही. असा एक झकास फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. आत्येचा शेरा आला, "अर्धो कित्याक काढलंस? पुरो होवंदे." पुढच्या पौर्णिमेला बोरिवलीच्या चुलत भावाने गच्चीवरून, नुसत्या फोनने काढलेला चंद्र टाकला. डाग न् डाग कोरलेला! काही फोन आता चंद्र ओळखतात आणि जिथे पुसट दिसेल तिथे पदरचा तपशील भरतात. अंगठ्यांचा पाऊस पडला. फोनने काढलेल्या चित्राचं श्रेय भावाला, हा कुठला न्याय?

समुद्र आणि चंद्र एकत्र हवेच असतील तर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं. तेव्हा तो समुद्राकडे उतरत असतो आणि उजाडू लागलेलं असतं, त्यामुळे चंद्र, पाणी आणि सिंधुदुर्गाचा तट एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात. (नेमका कुठे बुडेल ते महिन्यागणिक बदलतं. थंडीत उत्तरेकडे, पावसाळ्यात दक्षिणेकडे, म्हणजे ढगांत कुठेतरी.) आत्ये यायला तयार झाली, पण एका अटीवर. चंद्र तिच्याएवढा मोठा दिसला पाहिजे.

गणित सोपं आहे. तिच्या उंचीचा माणूस पावणेदोनशे मीटर लांब उभा केला की तो आणि चंद्र सारखेच दिसतात. आत्येला जेटीच्या टोकाला पाठवलं, मी काठावर, दोघांच्या कानाला फोन. पण चंद्र दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. "आत्ये, उजवीकडे. तुझ्या नाही, माझ्या उजवीकडे!" जाळं झाडणारा एक जण थांबला.

"कसलो फोटो काढतास?"

"चंद्राचो."

"मगे इतकी घाई कित्याक? खंय पळान जाता तो?"

पळूनच चालला होता. खालच्या धुरकटात तो फिका पडत होता आणि तेवढ्यात जेटीला होडी लागली. आत्येने फोन ठेवला. मी कॅमेऱ्यातून बघतोय, तर तट आहे, पाणी आहे, चंद्र अगदी हवा तिथे आहे, आणि त्याच्यासमोर बांगड्यांच्या टोपलीवर वाकलेली आत्येची पाठ. हाक तिथवर पोचेना. दाबलं शटर.

घरी येऊन तिने फोटो बराच वेळ न्याहाळला. "बरो इलो हा," ती म्हणाली, "पण बांगडे दिसनत नाय."