खुलासा : काळपुळीत जंतू मेले म्हणजे धोका टळला, असे नव्हे

जनावरांत फाशी आणि माणसांत काळपुळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अँथ्रॅक्सविषयी, ‘जंतू रक्तवाहिन्या तुंबवतात म्हणून रोगी दगावतो आणि प्रतिजैविकाने जंतू मारले की धोका संपतो’, असा मजकूर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

रक्तवाहिन्या तुंबण्याची कल्पना एके काळी शास्त्रज्ञांनीही मानली होती, कारण प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंमध्ये मारक विष हाती लागत नव्हते. इंग्लंडमधील पोर्टन डाउन या सरकारी संशोधन केंद्रात हॅरी स्मिथ आणि जेम्स केपी यांनी ते काचपात्राऐवजी आजाराने मरणाऱ्या गिनिपिगच्या रक्तात शोधले, आणि १९५४ मध्ये त्या रक्तद्रवात विष असल्याचे दाखवून दिले. जंतूंची संख्या एका मर्यादेपलीकडे गेल्यावर स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाने जंतू हटवूनही ते प्राणी वाचले नाहीत, हा त्यांच्या कामातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

हे विष तीन प्रथिनांचे आहे. त्यांपैकी संरक्षक प्रतिजन हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागाला चिकटते, तेथे त्याचा एक तुकडा कापला जातो, उरलेल्या भागाचे सात रेणू मिळून कडे तयार होते आणि त्यातून मारक घटक व सूज आणणारा घटक ही बाकीची दोन प्रथिने पेशीत शिरतात. एकटे संरक्षक प्रतिजन विषारी नाही. अमेरिका-ब्रिटनमध्ये माणसांना दिल्या जाणाऱ्या लसीत मुख्यतः तेच असते, त्यामुळे ‘लसीतच विष असते’ हेही खरे नाही.

प्रतिजैविके आवश्यकच आहेत, पण ती लवकर सुरू व्हावी लागतात.