खुलासा : क्रूझवरचा किड्स क्लब आणि मुलांची अ‍ॅलर्जी

‘बुकिंगच्या वेळी अ‍ॅलर्जी कळवली की किड्स क्लबलाही आपोआप कळतं,’ असं मीच लिहिलं होतं. तो मेसेज अजून फिरतोय, पण त्यावर विसंबू नका. बुकिंगमधली नोंद बहुतेकदा जेवणाच्या विभागाकडे जाते. क्लबची नोंदणी वेगळी. आमच्या वेळी तिथल्या ताईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, तर अ‍ॅलर्जीचा रकाना चक्क कोरा! पहिल्याच दिवशी स्वतः जाऊन सांगा.

जहाजावर डॉक्टर असले, तरी एपिनेफ्रिनचं इंजेक्शन सोबत हवंच. तीव्र रिअ‍ॅक्शनमध्ये ते लगेच द्यावं लागतं, कधी दुसरा डोसही लागतो. म्हणून दोन ठेवा. क्लबमधले कर्मचारी ते देतील का, याचे नियम कंपनीगणिक बदलतात. निघण्याआधीच विचारा. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. मी तो काढलाय.