दोन भावांचं घर आणि सतरा नावांचा सात-बारा

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतण्याने राजापूरच्या घराचा फोटो टाकला. पडवीचे दोन वासे खाली आलेत, माकडांनी कौलं फोडलीत. सोबत प्रस्ताव : पाडू या, स्लॅबचं बांधू, दोन खोल्या पर्यटकांना देऊ. खाली अकरा अंगठे. मी लिहिलं, ‘शंभराच्या वर वर्षं झालेलं घर आहे, जरा विचार करा.’ त्यावर चुलतभाऊ, आमचा दादा : ‘तू बर्फात बसून इथल्या कौलांची काळजी करू नकोस.’

झोंबलं. कारण त्याच शनिवारी मी हेलसिंगलांडला जाऊन आलो होतो. स्टॉकहोमहून उत्तरेला तीनेक तास. तिथली सात लाकडी शेतघरं 2012पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. ती बांधणारे कोणी सरदार-जहागीरदार नव्हेत, शेतकरीच. जंगल आणि जवसाच्या धाग्यावर पैसा मिळाला तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, त्यांनी लग्नकार्यापुरत्या वेगळ्या खोल्या काढल्या आणि भिंती फुलापानांनी रंगवून घेतल्या. त्यातलं लॉंगहेड गावचं यून-लार्श नावाचं घर तर दोन भावांच्या कुटुंबांसाठी बांधलेलं, एकाच छपराखाली. हे मी फोटोसकट ग्रुपवर टाकलं. ‘बघा, शेतकऱ्यांनी काय जपलंय!’ असंही लिहिलं. दोनच अंगठे आले, त्यातला एक बायकोचा.

तिथे वाळवी नाही आणि तीन हजार मिलिमीटर पाऊसही नाही, हे मात्र लिहिलं नाही. दादाने ते लिहिलंच. वर विचारलं, ‘तिथे घरात माणसं राहतात का?’ काही घरांत राहतात. आमच्याकडे गणपतीचे पाच दिवस दार उघडतं. तिकडे काही खोल्याच सणासुदीच्या होत्या, आमचं अख्खं घर तसं झालंय. आणि मी त्या पाच दिवसांतही गेली सहा वर्षं नाही.

कौलं चाळायला दादाने एकदा चाळीस हजार मागितले होते. मी हिशोब मागितला. त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याच उन्हाळ्यात आम्ही इथलं स्वयंपाकघर नवं केलं. त्याची बिलं मी नीट वाचलीही नव्हती.

आता खरं सांगायचं तर हक्कसोडपत्राचा मसुदा मार्चपासून माझ्या खणात आहे, धुलाईघराच्या किल्लीशेजारी. सतरा नावांपैकी माझ्या एकट्याच्या सहीसाठी काम अडलंय. इथल्या नागरिकत्वाचा अर्ज मी एका संध्याकाळी भरून टाकला होता, जेवण गरम होईपर्यंत. हे एक पान मात्र भरवत नाही. ग्रुपवर त्याला मी ‘वारसा’ म्हणतो. माजघराच्या तुळईला पाळण्याची कडी आहे. ती गंजून लाकडावर तांबडा ओघळ आलाय. फोटोत तो दिसतो का, म्हणून मी चारदा झूम केलं. फोटो पडवीचाच होता.

काल दादाचा मेसेज आला : सहीचं काय?

मे महिन्यात येतो, मग बोलू, असं लिहिलं.

‘कुठल्या सालच्या?’