आठ मासे लोखंड

दोन महिने तिरंदाजीच्या सरांचं एकच पालुपद: "दोरी सोडताना तुमची बोटं अडकतात." आमच्या घरच्यांच्या मते ही बोटं पाकिटातली नोटही लवकर सोडत नाहीत, ते एक असो. पण ५० मीटरवर डझनातले पाच बाण सरळ जातात आणि सात उजवीकडे, शिवाय वीतभर खाली, म्हणजे बोटं काय बाण बघून अडकतात?

अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला १७व्या वर्षी जगज्जेती झाली आणि साताऱ्यात घरोघरी धनुष्याची स्वप्नं पडू लागली. मला ते ४७व्या वर्षी पडलं. असो.

संशय बाणांच्या टोकांवर होता. टोक जड असलं की बाणाचं वजन पुढे राहतं, बाण डगमगत नाही. पण शाफ्टला, म्हणजे बाणाच्या दांडीला, झेपेल त्याहून जड झालं तर दोरीच्या रेट्यानं शाफ्ट जास्त वाकतो आणि उजव्या हाताच्या माणसाचा बाण उजवीकडे पळतो. मी १२० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप), टंगस्टनची, महाग टोकं मागवली होती. गरम पाण्यात धरून सगळी उपटली आणि पेठेतल्या सोनाराकडे नेली. एवढा बारीक काटा दुसऱ्या कुणाकडे असणार?

सोनारकाकांनी बाराही मोजली. सात भरली ७.७८ ग्रॅम, पाच ६.४८. "म्हणजे १२० ग्रेन आणि १०० ग्रेन. १२० म्हणजे आठ मासे बरं का! तोळा १८० ग्रेनचा, त्याचे मासे बारा. हल्लीचा दहा ग्रॅमवाला नव्हे, जुना." काका खुलले. मीही खुललो आणि म्हणालो, "टंगस्टन आहे."

काकांनी हात मागे घेतला.

शेजारी भाचीच्या लग्नाच्या पाटल्या बघत बसलेल्या मावशींनी पाटल्या पदराखाली घेतल्या. "काय असतं हो ते?"

"सोन्याइतकंच जड," काका माझ्याकडे बघत म्हणाले. "वरून मुलामा दिला की बिस्किट म्हणून खपतं."

"दिसतात तर सज्जन," मावशी मलाच ऐकवून म्हणाल्या.

मी धनुर्विद्या सांगितली. मावशी म्हणाल्या, "या वयात?"

काकांनी एक टोक दोऱ्याला बांधलं, पाण्यात सोडून पुन्हा मोजलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाण्यात ग्रॅमभर हलकं झालं! टंगस्टन असतं तर अर्धा ग्रॅमसुद्धा झालं नसतं. अहो साहेब, हे साधं पोलाद आहे!"

"अगंबाई, म्हणजे यांनाच कुणीतरी फसवलं!" मावशींनी पाटल्या बाहेर काढल्या. मी निर्दोष सुटलो. काकांनी चहासुद्धा मागवला.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, एकदा बसवलेला माल परत घेत नाही. टंगस्टनचे पैसे, पोलादाचा माल, त्यातही वजनाची भेसळ! सरांना संध्याकाळी सगळं सांगितलं, आकडे लिहिलेला काकांचा कागद दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ठीक आहे," म्हणाले, "पण बोटं अडकतातच."