‘रोमा म्हणजे रामाचे छावे’ या फॉरवर्डला माझं उत्तर

दर एप्रिलमध्ये हा फॉरवर्ड परत फिरायला लागतो, कारण ८ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय रोमा दिन. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकला, खाली धडाधड नमस्कार पडले, मी फक्त “काका हे असं नाहीये” एवढंच लिहिलं तर लगेच उत्तर, “मग कसं आहे ते लिही की, नुसतं नाही म्हणायला काय जातंय.” बरोबरच आहे त्यांचं. म्हणून हे लांबलचक, चहा घेऊन बसा.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी फॉरवर्ड थोडक्यात असा: युरोपात जिप्सी म्हणून जे दोन कोटी लोक आहेत ते भारतीयच, त्यांचं नाव रोमा म्हणजे रामाचे, ते स्वतःला ‘रोमाने छावे’ म्हणजे रामाचे छावे म्हणवतात, मुळात शूर राजपूत ज्यांना गझनीनं धरून नेलं, भाषा आपल्या बंजाऱ्यांचीच, जिप्सी हा शब्द तर किती रोमँटिक, उगाच आता बंदी घालतायत, चॅप्लिन एल्विस पिकासो सगळे त्यांच्यातलेच, आयर्लंडचे ट्रॅव्हलर म्हणजे तिथला फिरस्ता समाजसुद्धा, आणि झेंड्यावर आपलं अशोकचक्र.

यातलं मूळ भारतातलं ही गोष्ट खरी आहे, त्यावर वाद नाही. १७८२-८३ मध्येच जर्मन अभ्यासकांनी रोमानी भाषा हिंदुस्तानीशी ताडून बघितली होती. आकडा दोन कोटी नाही, युरोपियन संस्था साधारण एक कोटी ते एक कोटी वीस लाख असा अंदाज देतात. आता बाकीचं.

रोमा हा शब्द रामावरून आला, म्हणे

रोमानीत रोम म्हणजे पुरुष, नवरा, आपल्यातला माणूस. रोमनी म्हणजे बाई, बायको. रोमा हे अनेकवचन. भाषाशास्त्रवाले जवळपास एकमतानं सांगतात की रोम हा शब्द आपल्या डोंब या शब्दावरून आलाय, सुरुवातीच्या ड चा त्यांच्याकडे र झाला. आणि याला साक्षीदार पण आहेत, आर्मेनियाकडे याच धाटणीच्या समाजाचं नाव लोम आहे आणि सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाईनकडे डोम. रोम, लोम, डोम. आता रामाचा र सीरियात जाऊन ड कसा काय झाला हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं समजावून सांगावं, मी वाट बघतोय.

मला विचाराल तर इथे नुसती व्युत्पत्ती चुकलेली नाहीये. डोंब म्हटलं की आपल्याला काय आठवतं? राजा हरिश्चंद्राला काशीत ज्याच्याकडे स्मशानात राबावं लागलं तो. डोंबारी म्हटलं की रस्त्याच्या कडेला दोन बांबूंच्या मध्ये दोरीवर चालणारी पोरगी, खाली ढोलकी, आणि आपण गाडीची काच वर करतो. घरात कुणी फार आरडाओरडा केला की “काय डोंबाऱ्याचा खेळ लावलाय” असं आपली आजीच म्हणायची ना? तेच नाव युरोपात एक कोटी लोकांनी अभिमानानं लावलंय, माणूस या अर्थानं लावलंय, आणि आपल्याला ते इतकं अवघड जातंय की आपण खोडून तिथे राम लिहिला. नातं सांगायचंय पण त्या घराशी नको, असा प्रकार आहे हा.

आणि डोंब म्हणजे तेव्हाही फक्त स्मशान नव्हतं बरं का. कल्हणाच्या राजतरंगिणीत रंग नावाच्या डोंब गवयाची गोष्ट आहे, काश्मीरच्या चक्रवर्मन राजाच्या दरबारात तो गायला आला आणि त्याच्या हंसी आणि नागलता या दोन मुलींशी राजानं लग्न केलं. कल्हण नाकं मुरडतच सांगतो ते, पण सांगतो.

छावे मात्र खरं आहे! आणि हे मला फारच आवडतं. रोमानीत छावो म्हणजे मुलगा, आणि आपला छावा आणि त्यांचा छावो हे एकाच मुळाचे शब्द आहेत. पण ‘रोमाने छावे’ म्हणजे रोमांची मुलं, एवढंच. गंमत अशी की छावो फक्त रोमा मुलाला म्हणतात, बाहेरच्या मुलाला राकलो, आणि एकूणच जो रोमा नाही तो गाजो. म्हणजे त्या हिशोबात काका तुम्ही, मी आणि तो फॉरवर्ड लिहिणारा, आपण सगळे गाजे.

गझनीनं नेलेले राजपूत

महमूद गझनीच्या स्वाऱ्या ११ व्या शतकाच्या सुरुवातीच्या. २०१२ मध्ये युरोपभरच्या रोमांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात भारतातून बाहेर पडण्याचा काळ साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचा निघतो, म्हणजे गझनीच्या पाचशे वर्षं आधीचा. भाषेवरून हिशोब करणारे काही जण त्याहून उशिराचा काळ सांगतात. इयन हॅनकॉक, जे स्वतः रोमा आहेत आणि टेक्सासमध्ये प्राध्यापक होते, त्यांनी लष्करी मुळाची बाजू मांडलीय हेही सांगायला हवं, पण त्यांचं म्हणणंसुद्धा वेगवेगळ्या जातींची सरमिसळ फौज आणि तिच्याबरोबरचे कामकरी असं आहे, शुद्ध राजपूत वगैरे नाही, आणि त्यावर बाकीचे अभ्यासक भांडतायत अजून. म्हणजे जो वाद चालू आहे त्याचा निकाल फॉरवर्डवाल्यानं परस्पर लावून टाकलाय. राजपूतच का, तर मघाशी रामच का हवा होता त्याच कारणासाठी.

भाषा बंजाऱ्यांचीच

नाही. पण शब्द ऐकून अंगावर काटा येतो हे कबूल. पाणीला पानी, नाकाला नाख, कानाला कान, जिभेला छिब, दुधाला थुद, मिठाला लोन (आपलं लोणचं त्यातलंच). भाकरी-पावाला मानरो, आणि हा शब्द आपल्या मांड्यांचा भाऊ, मनातले मांडे म्हणतो ते मांडे. देवाला देवेल. आणि ख्रिश्चन क्रूसाला काय म्हणतात माहितीये? त्रुशुल.

पण आता आकडे मोजून बघा: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव, इथपर्यंत आपलं गाडं मस्त चालतं आणि मग एकदम एफ्ता, ओख्तो, एन्या, आणि परत देश म्हणजे दहा. सात आठ नऊ ग्रीक आहेत. रस्त्याला द्रोम, तोही ग्रीक. घोड्याला ग्रास्त, हा आर्मेनियातून उचललेला. इराण, आर्मेनिया, मग कित्येक पिढ्या ग्रीक बोलणाऱ्या बायझंटाइन राज्यात काढल्या, ती सगळी वाट भाषेत जशीच्या तशी आहे. एक हजार वर्षांचं हे सामान बाजूला टाकून फक्त पानी आणि कान दाखवायचे आणि बघा आपलेच म्हणायचं, हे जरा कोत्या मनाचं वाटतं मला. शिवाय व्याकरणात दोनच लिंगं आहेत, आपल्यासारखं ‘ते’ नाही. मराठी, कोकणी, गुजरातीनं नपुंसकलिंग सांभाळलं, रोमानीनं हिंदीसारखं सोडून दिलं, त्यामुळे मराठीशी थेट नातं लावणाऱ्यांनीही जरा दमानं.

बंजारा समाजाबद्दल म्हणाल तर ते स्वतःला गोर म्हणतात, बाहेरच्याला कोर. रोम-गाजो सारखीच जोडी आहे, साम्य छान आहे, पण त्यावरून एकच समाज ठरत नाही. लमाणांचे तांडे मुघल फौजांना धान्य पुरवत दख्खनभर फिरत होते तोवर रोमांना युरोपात येऊन कित्येक पिढ्या झाल्या होत्या. आणि गोरांना परस्पर रोमा ठरवताना गोरांना कुणी विचारलंय का, तेही नाहीच.

जिप्सी, किती छान शब्द, उगाच बंदी

आपल्याकडे जिप्सी म्हणजे एकतर ताडोब्याची सफारी गाडी नाहीतर कवितेतला मनात दडलेला मनमौजी भटक्या, त्यामुळे हे वाटणं साहजिक आहे, मलाही वाटायचं. हा शब्द ‘इजिप्शियन’चा झिजून झालेला. युरोपात लोकांना वाटलं हे इजिप्तहून आले, झालं, नाव चिकटलं. स्पेनमधलं हितानो पण तेच. १५३० मध्ये इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळात या ‘इजिप्शियनां’ना देशाबाहेर घालवायचा कायदा झाला आणि १५५४ मध्ये तर राहिलात तर मृत्युदंड. जर्मन त्सिगॉयनर, रुमानियन त्सिगान, हंगेरियन त्सिगान्य यांचं मूळ मात्र वेगळं, बहुतेक अभ्यासक ते एका ग्रीक शब्दाकडे नेतात, अथिंगानोई, जो आधी एका पाखंडी पंथाचं नाव होता आणि त्याचा सरळ अर्थ ‘ज्याला शिवू नये’ असा. हे मी मराठी माणसाला आणखी उलगडून काय सांगू.

कामानिमित्त मी काही वर्षं जर्मनीत होतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये गुरुवारी फळ्यावर खडूनं ‘त्सिगॉयनर श्निट्सल’ लिहिलेलं असायचं, लाल ढोबळी मिरचीच्या सॉसमधलं मांस. मी शाकाहारी, मला काय त्याचं, पण एकदा फळा वाचून म्हटलं, अरे वा, जिप्सी डिश, आमच्याकडचेच ते. शेजारचा सहकारी, एरवी फार बोलणारा, एकदम गप्प झाला. मग म्हणाला, नाझींच्या आउशवित्स छावणीत यांच्या हातावर जो नंबर गोंदायचे त्याच्या आधी एक झेड असायचा, तो या शब्दाचा, जर्मनमध्ये त्सिगॉयनर झेडनं सुरू होतो. पुढे मी वाचलं. साधारण २३ हजार सिंती (जर्मनीकडचा रोमांचाच एक जुना गट) आणि रोमा त्या एका छावणीत नेले, त्यातले बहुतेक मेले, आणि २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उरलेले चार हजारांवर लोक गॅस चेंबरमध्ये घातले. जर्मन सरकारनं हा वंशसंहार होता असं मान्य केलं १९८२ मध्ये. सॉसच्या बाटलीवरचं नाव क्नॉर कंपनीनं बदललं २०२० मध्ये. बंदी कुणी घातली नव्हती, लाज वाटली म्हणून बदललं.

नाव लादणं आणि नाव काढून घेणं दोन्ही करून झालंय यांच्यावर. ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसानं १७६१ मध्ये फर्मान काढलं की यांना यापुढे ‘नवे हंगेरियन’ म्हणायचं, मग भाषा बंद, आपसात लग्न बंद, मुलं काढून शेतकऱ्यांकडे वाढवायला. स्पेनच्या राजानं १७८३ मध्ये हितानो हा शब्दच वापरायचा नाही असा हुकूम काढला, कारण म्हणे अशी कुठली वेगळी जातच नाही. रुमानियात तर त्सिगान म्हणजे शेकडो वर्षं सरळ गुलाम, १८५६ पर्यंत. त्याच रुमानियात २०१० मध्ये काही पुढाऱ्यांनी रोमा शब्द काढून कायद्यानं परत त्सिगान करा म्हणून बिल आणलं होतं, कारण काय तर परदेशात लोक रोमा आणि रुमानिया यांत गोंधळ करतात. ते पडलं. (रुमानियाचं नाव रोम शहरावरून आलंय, रोमाशी काही संबंध नाही, हेही फॉरवर्डवाल्यांना उपयोगी पडेल.)

योहान ट्रोलमानचं सांगतोच. हॅनोवरचा सिंती बॉक्सर, आणि त्याला सगळे रुकेली म्हणायचे, रोमानीत रुख म्हणजे झाड, आपला जुन्या मराठीतला रूख. जून १९३३ मध्ये जर्मनीचा लाइट हेवीवेट किताब त्यानं जिंकला आणि नाझींनी आठवडाभरात काढून घेतला, का तर हा जर्मनासारखा न लढता नाचतो म्हणे. पुढच्या मॅचला तो केस पिवळे रंगवून आणि अंगाला पीठ फासून रिंगणात उतरला, घ्या, झालो गोरा, आणि मुद्दाम जागेवर उभा राहून मार खाल्ला. १९४४ मध्ये छावणीत मारला गेला. किताब परत मिळाला २००३ मध्ये.

आता याचा अर्थ जिप्सी कधीच म्हणायचं नाही असाही नाही, इथे घाई नको. इंग्लंडमधले रोमानिशाल लोक स्वतःला अभिमानानं जिप्सी म्हणवतात, स्पेनमध्ये हितानो चालतं, कोसोव्होत तर एक समाज स्वतःला इजिप्शियनच म्हणवतो. जर्मनीतल्या सिंतींना नुसतं रोमा म्हटलेलं खपत नाही, तिथे ‘सिंती आणि रोमा’. कल्डेराश, लोवारी, उर्सारी ही नावं धंद्यावरून, तांब्याची भांडी, घोडे, अस्वलं, आपल्याकडच्या घिसाडी, नंदीवाल्यांसारखी. आणि बहुतेक रोमा भटके नाहीयेत, पिढ्यान् पिढ्या घरं करून राहतायत, उत्तर मॅसेडोनियात स्कोप्ये शहरात शुतो ओरिझारी नावाची आख्खी नगरपालिका आहे जिथे रोमानी ही सरकारी भाषांपैकी एक आहे.

चॅप्लिन, एल्विस, पिकासो

चॅप्लिनचं त्यानं स्वतःच लिहिलंय की आजी अर्धी जिप्सी होती. एल्विस आणि पिकासोला काही पुरावा नाही. जँगो राइनहार्ट खराखुरा मानुश (फ्रान्सकडचे सिंती) होता, दोन बोटं जळून निकामी झाल्यावर त्यानं गिटार वाजवून जगाला वेड लावलं, तो यादीत नाहीच! म्हणजे यादी करणाऱ्याला गोरे फेमस हवे होते.

आयरिश ट्रॅव्हलर

हे तर पूर्णच चूक. ते आयरिशच आहेत, स्वतःला मिंकेरी किंवा पावी म्हणवतात, आयरिश भाषेत त्यांना ‘चालणारी माणसं’ म्हणतात. २०१७ च्या जनुकीय अभ्यासात रोमांशी नातं निघालं नाही, ३६० एक वर्षांपूर्वी बाकी आयरिश लोकांपासून ते वेगळे पडत गेले असं दिसलं. त्याच वर्षी १ मार्चला आयर्लंडच्या संसदेत पंतप्रधानांनी त्यांना वेगळा वांशिक समाज म्हणून मान्यता जाहीर केली, कित्येक दशकं मागत होते. स्वित्झर्लंडचे येनिश पण असेच, फिरस्ते पण रोमा नव्हेत, १९२६ ते १९७३ मध्ये त्यांची सहाशेच्या आसपास मुलं आईबापांपासून तोडली होती. फिरतो तो आपला, असं नसतं.

झेंड्यावर अशोकचक्र

काका, हा तुमचा मुद्दा जवळजवळ बरोबर. १९७१ मध्ये लंडनजवळ ऑर्पिंग्टनला पहिली जागतिक रोमा परिषद भरली, ८ एप्रिलला, तिथेच ठरलं की बाहेरच्यांनी दिलेली नावं बास, आपण रोमा. झेंडा ठरला वर निळा, खाली हिरवा, मध्ये लाल चाक. भारताचे राजनैतिक अधिकारी राहिलेले वीर राजेंद्र ऋषी त्या चळवळीच्या जवळचे होते, पुढे चंदीगडला त्यांनी रोमानी अभ्यासाची संस्था काढली, आणि चाक अशोकचक्रावरून सुचलं हे रोमा लोक स्वतःच सांगतात. पण त्यांनी ते तसंच्या तसं घेतलं नाही, गाडीचं चाकही त्यात आहे. आपल्या चक्राला २४ आरे. फॉरवर्डमधलाच झेंड्याचा फोटो झूम करून मोजा, १६ निघतील.